पट्टी पोटाला, वाफ डोक्याला

मावशीच्या पोटावर, बेंबीच्या बरीच खाली, चिकटवलेली पारदर्शक पट्टी शेजारच्या काकूंनी पाहिली आणि सरळ विचारलं, “पट्टी पोटाले लावतं तू, अन् वाफ येते डोक्याले. थे वरतं जाते कशी?” पट्टी होती इस्ट्रोजेनची, म्हणजे अंडाशयात बनणाऱ्या बायकी हार्मोनची. पाळी गेल्यावर अंगातून एकाएकी उसळणाऱ्या गरम वाफा ती कमी करते. मला हा प्रश्न फार आवडला. अनेक शिकलेल्या माणसांनाही वाटतं की कातडीवर लावलेलं औषध तिथल्या तिथेच काम करतं, दुखऱ्या गुडघ्यावरच्या मलमासारखं.

मावशी वर्धा जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात राहते. वय ४९, पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं. उन्हाळ्यात तिला काही वेगळं जाणवलं नाही, कारण आपल्याकडे मे महिन्यात सगळ्यांच्याच अंगाची लाही होते. कळलं ते डिसेंबरात. सगळं घर गोधडीत असताना ती मध्यरात्री घामाने निथळत उठायची, ओसरीवर जाऊन बसायची, छातीत धडधड, आणि दहा मिनिटांनी हुडहुडी. दिवसभर कापूस वेचायचा आणि रात्री झोप नाही. घरात कुणी म्हणालं बाहेरचं लागलं. लिंबू उतरवून झालं, एका बाबाकडे दोन वाऱ्या झाल्या. यात तीन महिने गेले, पैसे गेले, आणि बाईच्या डोक्यात भीती बसली ती वेगळीच. चाळिशी-पन्नाशीच्या बाईला रात्री घाम फुटतो, चिडचिड होते, तेव्हा तिला अंगारा लावणं हा तिच्यावरचा अन्याय आहे.

घडतं ते मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्या भागात. तिथे शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा आहे. एरवी शरीर आतून साधारण ०.४ अंश सेल्सिअस इकडेतिकडे झालं तरी ती स्वस्थ असते. तिथल्या काही चेतापेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. पाळी जाते तेव्हा अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन आटतं, लगाम सुटतो, त्या पेशी उत्तेजित होतात आणि ही ०.४ अंशाची मोकळीक जवळजवळ संपते. मग चुलीपुढे बसणंही पुरतं. मेंदूला वाटतं शरीर तापलं, तो चेहऱ्याच्या, मानेच्या रक्तवाहिन्या रुंदावतो, घाम सोडतो. वाफ डोक्याला येते ती अशी.

म्हणजे इस्ट्रोजेन मेंदूपर्यंत पोचवायचं आहे. रक्त सगळीकडे फिरतं, त्यामुळे ते रक्तात गेलं की झालं. पण रक्तात कुठल्या दाराने जातं, यावर बरंच काही ठरतं.

पोटाच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही पातळ असतो. चपट्या मृत पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्या फटींत चरबीचा गारा. पाणी, धूळ, जंतू इथेच अडतात. रेणूभार, म्हणजे रेणूचं वजन, साधारण ५०० च्या आत असेल आणि चरबीत विरघळत असेल, असाच रेणू या गाऱ्यातून वाट काढतो. इन्सुलिनचा रेणूभार ५,८०० च्या आसपास, म्हणून त्याची अशी पट्टी होत नाही. अंडाशय जे इस्ट्रोजेन बनवतं, त्या इस्ट्राडायोलचा २७२, आणि चरबीत त्याला छान विरघळता येतं. पट्टीच्या चिकट थरातच ते मिसळलेलं असतं. तिथे दाट, कातडीखाली विरळ, म्हणून ते दाटीकडून विरळाकडे सरकत राहतं, दिवसरात्र, तीन-चार दिवस. सुई नाही, पंप नाही.

गोळीचा रस्ता वेगळा. आतड्यातलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही, एका जाड शिरेतून आधी यकृतात जातं. एक क्विंटल कापूस जिनिंगला घातला तर रुईचा उतारा ३४-३५ किलो पडतो. गोळीतल्या इस्ट्राडायोलचा उतारा त्याहून फार कमी, शंभरात पाचाच्या आसपास. बाकीचं आतडी आणि यकृत बदलून टाकतात, बरंचसं इस्ट्रोन या कमी जोराच्या रूपात. गोळी घेणाऱ्या बाईच्या रक्तात इस्ट्रोन इस्ट्राडायोलच्या चार-पाच पट असतं, पट्टीवर दोन्ही जवळपास सारखी, पाळी चालू असताना असतात तशी. म्हणून गोळीत १ मिलिग्रॅम लागतं, तिथे पट्टीतून दिवसाला ५० मायक्रोग्रॅम भागतात. विसावा हिस्सा! शिवाय गोळीचा तो मोठा डोस अंगावर घेताना यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवू लागतं. पट्टीने ते जवळजवळ होत नाही. गोळीने शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो, पट्टीने तसा वाढलेला आजवरच्या निरीक्षणांत दिसलेला नाही.

२००२ साली अमेरिकेत एक मोठी चाचणी मध्येच थांबवली गेली आणि ‘हार्मोनने कॅन्सर होतो’ हे जगभर पसरलं. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि गोळी होती गाभण घोडीच्या मुतापासून काढलेल्या इस्ट्रोजेनची, जोडीला प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या बायकी हार्मोनसारखं कृत्रिम औषध. स्तनाच्या कॅन्सरच्या जास्तीच्या केसेस दिसल्या त्या वर्षाला १०,००० बायकांमागे ८. धोका खरा आहे, पण पन्नाशीतल्या बाईच्या पट्टीला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

एक गोष्ट मात्र चुकवायची नाही. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर आतलं अस्तर वाढत जातं आणि त्याचा कॅन्सर होऊ शकतो. ज्यांची पिशवी काढलेली आहे त्यांना सहसा ते लागत नाही, आणि आपल्याकडे पस्तिशीतच पिशवी काढलेल्या बाया गावोगाव भेटतात. त्यांना पाळीच नसल्याने वाफा कशाच्या, हेही कळत नाही. स्तनाचा कॅन्सर, गुठळी, पक्षाघात किंवा यकृताचा आजार झालेला असेल तर हे औषध सहसा देत नाहीत, आणि डॉक्टरशी बोलल्याशिवाय तर ते कुणीच घ्यायचं नाही. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून लाल गेलं, तर पट्टी असो-नसो, आधी तपासणी.

काकूंना मी हे सगळं सांगितलं. यकृतापाशी आल्यावर त्या गप्प झाल्या, पण व्यवहाराचं त्यांना पटकन समजलं: पट्टी परकराच्या नाडीखाली लावायची नाही, घासून निघते, स्तनावर कधीच नाही, त्या जागी तेल-पावडर नको, दरवेळी जागा बदलायची. उन्हाने कातडी तापली की औषध जास्त वेगाने आत जातं, म्हणून पट्टी कपड्याखालीच हवी. मावशी सोमवारी आणि गुरुवारी बदलते. जुन्या पट्टीत औषध उरलेलं असतं, म्हणून ती चिकट बाजू आत घेऊन दुमडते आणि नातवाच्या हाती लागणार नाही अशी टाकते.

काकू जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, “माही पिशवी तं काढली हाय. मले कोन्त्या डॉक्टरले दाखवा लागन?”