टोरंट बेकायदा नाही, आणि भाड्याचा सर्व्हर ही पळवाट नाही

‘टोरंट म्हणजे चोरी’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. त्याच्याच जोडीला दुसरा: ‘भाड्याच्या सर्व्हरवरून, म्हणजे एखाद्या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या दूरच्या कंप्युटरवरून, टोरंट केलं की काहीही खपतं’. दोन्ही चूक.

ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेलं बिटटोरंट, म्हणजेच टोरंट, ही फक्त लोकांनी एकमेकांच्या कंप्युटरवरून फाइल वाटण्याची पद्धत आहे. डेबियन आणि उबंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या) फाइल्स अधिकृतपणे टोरंटनेही देतात. फाइलचे तुकडे होतात, प्रत्येकाचा हॅश (तुकड्यातल्या माहितीवरून काढलेला, ठशासारखा आकडा) तपासला जातो. जुळला नाही तर तो तुकडा टाकून पुन्हा मागवला जातो. म्हणून तुकडे अनोळखी लोकांकडून आले तरी बिघडत नाही. मूळ टोरंट फाइल (हे हॅश ज्यात नोंदलेले असतात ती छोटी फाइल) मात्र अधिकृत साइटवरूनच घ्या, कारण सगळी पडताळणी तिच्याच भरवशावर चालते.

भाड्याच्या सर्व्हरचा खरा फायदा सीडिंगचा, म्हणजे उतरवलेली फाइल पुढे इतरांना वाटत राहण्याचा. घरचा अपलोड वेग बहुधा तोकडा असतो, कंप्युटरही रात्री बंद होतो. सर्व्हर चोवीस तास वाटत राहतो. इतरांना आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) तुमचा नाही, सर्व्हरचा दिसतो, हे खरं. पण पैसे कुणी भरले याची नोंद सहसा कंपनीकडे असते, आणि कॉपीराइटची तक्रार आली की ती खातं बंद करू शकते. काही कंपन्या तर टोरंटला सरसकट मनाई करतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी अटी नीट वाचा.