गुडघा कोण थांबवतं?

थायलंडमधला एक पोरसवदा मुए थाई खेळाडू नडगीने केळीचं झाड आडवं करतोय, अशी क्लिप परवा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होती. खाली मजकूर, 'किकमध्ये एक टन ताकद!' लगेच जुंपली: मुए थाईची किक भारी की तायक्वांदोची? जोर किती वेळ लागला आणि कशावर लागला, हे सांगितल्याशिवाय त्या टनाला काडीचा अर्थ नाही. त्यात केळीचं खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेले पानांचे रसरशीत सोपट. लाकूड नव्हेच ते.

माझी मुलगी तायक्वांदोला जाते. तिचे सर सारखे ओरडतात, "गुडघा आधी, पाय नंतर!" त्यात सगळं भौतिकशास्त्र आलं. 60 किलोच्या माणसाचा एक पाय जवळपास 10 किलोचा असतो. तो सरळ ठेवून खुब्यातून फिरवणं जड जातं, कारण जडत्व आघूर्ण (म्हणजे फिरवायला होणारा विरोध) खुब्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतं. गुडघा पूर्ण दुमडला की ढोबळ हिशेबाने ते चौथाईवर येतं आणि मांडी झपकन फिरते.

खरी गंमत पुढे आहे. गुडघा उघडू लागतो, नडगी सुटते आणि त्याच वेळी मांडी मंदावते. 'मांडीला ब्रेक लावा, म्हणजे पाय सुटेल', असं बरेच जण शिकवतात. घडतं उलटं. पुढे सुटणारी नडगीच गुडघ्याच्या सांध्यातून मांडीला मागे रेटते. न्यूटनचा तिसरा नियम, दुसरं काही नाही. मांडीचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, नडगीकडे जातो आणि नडगी-पाऊल मिळून मांडीपेक्षा हलके, म्हणून वेग चढतो. नडगीला बाहेर भिरकावणारा हा परिणाम मांडीच्या कोनीय वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो आणि गुडघा काटकोनात असताना सर्वाधिक. आसूड ओढताना मूठ थबकते नि टोक कडाडतं, तोच प्रकार.

कराटेची मवाशी गेरी, म्हणजे बाजूने गोल फिरवून मारायची लाथ, याच घराण्यातली; फक्त पाय लागला की तितक्याच चपळाईने मागे घ्यायचा. थाय खेळाडू मात्र गुडघा एवढा दुमडत नाही. कंबर, खुबा, पाय दाराच्या फळीसारखे एकत्र वळतात. आसूडाचा फायदा थोडा सोडायचा आणि आदळणाऱ्या पायामागे धडाचं वजन घालायचं, असा तो सौदा. लागते तीही नडगी. पावलात 26 लहान हाडं, नडगीचं हाड एकच नि दणकट.

तायक्वांदो 2000 साली सिडनीत ऑलिंपिक पदकांचा खेळ झाला आणि 2012 पासून तिथे छातीच्या चिलखतातले सेन्सर गुण देतात. मग पाय लवकर पोचवण्यावर भर येणारच. आपल्या कबड्डीत मागे लाथ मारणाऱ्या चढाईपटूला तर नुसता स्पर्श पुरतो. खेळ काय मागतो तशी लाथ घडते. 'भारी कोण' हा प्रश्नच अर्धवट आहे.

'की' नावाची ऊर्जा पोटातून पायात उतरते, असं सांगणारेही भेटतात. पोटातून येतं हे खरंच, पण तिथल्या तिरक्या स्नायूंमधून.

एक राहिलंच. किक मारताना थाय खेळाडू त्याच बाजूचा हात जोरात मागे फेकतो. पाय एकीकडे वळवायचा तर वरचं अंग दुसरीकडे वळायला हवं, आणि खालचं पाऊल चवड्यावर फिरायला हवं. खात्री करायला मी गच्चीवर दोन्ही हात खिशात घालून, टाच न उचलता किक मारली. पाय गेला पुढे आणि मी पाण्याच्या टाकीकडे तोंड करून खाली बसलो.

"बाबा, चवडा!" मुलगी म्हणाली.