रिले म्हणजे फ्यूज नव्हे

जुन्या गाडीला तयार हार्नेस (वायरींचा बांधीव जुडगा) घालून वायरिंग नव्याने करणारा कुणी भेटला, की एक वाक्य हमखास कानावर येतं: "रिले टाकलाय, आता टेन्शन नाही." मला टेन्शन येतं ते हेच वाक्य ऐकून.

फ्यूज सगळ्यांना माहीत आहे. करंट प्रमाणाबाहेर गेला की आतली पट्टी वितळते आणि सर्किट तुटतं. तो बल्ब वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. म्हणून त्याचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो. सारखा उडतो म्हणून १० अँपिअरचा काढून ३० अँपिअरचा खोचणाऱ्याच्या गाडीत मी बसत नाही.

रिले मात्र निव्वळ स्विच आहे. ८५ आणि ८६ या पिनांमध्ये कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं असतं, ते एक पंचमांश अँपिअरच्या आसपास खातं. कॉइलला करंट मिळाला की ३० आणि ८७ या पिना जोडल्या जातात आणि खरा करंट तिथून जातो. पुढे शॉर्ट झाला तरी रिले तो तोडत नाही. नव्या हार्नेसच्या डब्यात दोघं शेजारी शेजारी खोचलेले असतात, तिथून हा घोळ सुरू होतो.

रिले हवाच, यात वाद नाही. ६० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतात. कुर्ल्यात बनलेली पद्मिनी असो की साठच्या दशकातली फोर्ड मस्टँग, तो सगळा करंट चालकापुढच्या जुन्या स्विचमधून फिरून जातो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तिथले पॉइंट हिरवे पडतात. बॅटरीवर १२ आणि बल्बच्या होल्डरवर साडेदहा व्होल्ट मिळाले, तर उजेड जवळपास एक तृतीयांशाने घटतो.

खरी मेख पुढे आहे. मस्टँगच्या हेडलाइट स्विचमध्येच सर्किट ब्रेकर असतो. रिले लावून बॅटरीवरून ३० नंबरला डायरेक्ट वायर दिली, की हेडलाइटचा करंट त्या ब्रेकरला बगल देऊन जातो. म्हणजे रिले आल्याने संरक्षण वाढत नाही, होतं तेही जातं. शिवाय ही वायर चावी बंद असली तरी जिवंत असते.

माझ्या पद्मिनीत एका गॅरेजने असंच करून दिलं होतं. सायनच्या सिग्नलला बॉनेटमधून धूर निघाला. लाईट बंद केली, चावी काढली, धूर थांबेना. मडगार्डच्या आतल्या पत्र्याच्या कडेला घासून वायर सोलली गेली होती. शेजारच्या टॅक्सीवाल्या काकांनी पाना दिला, म्हणून बॅटरीचं टर्मिनल काढता आलं. बॅटरीपासून रिलेपर्यंत प्लास्टिक वितळून नुसतं तांबं उरलं होतं. रिले शाबूत.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, कारण त्याच्या अलीकडच्या वायरला कुणीच वाली नसतो. पत्र्यातून वायर जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडी) घाला. रिलेच्या पुढे डाव्या-उजव्या दिव्यांना वेगळे फ्यूज द्या, म्हणजे रात्री घाटात एक उडाला तरी दुसरा दिवा राहतो. काम ताब्यात घेताना हेडलाइट लावा आणि बॅटरीजवळचा फ्यूज उपटा. दिवे चालूच राहिले, तर कुठेतरी बिनफ्यूजची डायरेक्ट वायर आहे. ती सापडेपर्यंत पैसे देऊ नका.