भाजलेलं पिंप की जाळलेलं पिंप?

भरताचं वांगं आपण थेट जाळावर धरतो. साल काळी पडून कोळशासारखी सुटते आणि आतला गर मऊ, गोडसर होतो. रवा भाजताना मात्र गॅस बारीक ठेवायचा, हात चालता ठेवायचा. बदामी रंगाच्या पुढे गेला की शिरा गेलाच. भाषेत दोन्ही 'भाजणं'च, पण वांगं म्हणजे जास्त भाजलेला रवा असं कुणी म्हणणार नाही.

व्हिस्की मुरवायच्या ओकच्या लाकडी पिंपांबाबत नेमका हाच घोळ होतो. विकणारे एकाच पिंपाला कधी 'टोस्टेड' म्हणतात, कधी 'चार्ड'. घेणाऱ्याला वाटतं, चार म्हणजे जरा जास्त टोस्ट. टोस्ट म्हणजे रवा आणि चार म्हणजे वांगं, हे डोक्यात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे. दोन-पाच लिटरच्या छोट्या पिंपात घरी व्हिस्की मुरवायची असेल तर हा फरक पिंपावर कोरून मिळणाऱ्या नावापेक्षा नक्कीच महत्त्वाचा. (मराठीत 'चार' म्हटलं की आकडा आठवतो. त्यात जाळण्याच्या पातळ्याही आकड्यांत मोजतात, म्हणजे 'चार नंबरचा चार' अशी पंचाईत. म्हणून मी आपला 'भाजलेलं' आणि 'जाळलेलं' असंच म्हणेन.)

आधी 'घरची व्हिस्की' म्हणजे काय ते बोलून घेऊ. न्यूझीलंडमध्ये 1996 पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला कायद्याने मुभा आहे. अमेरिकेत घरी बिअर आणि वाईन करता येते, पण परवान्याशिवाय दारू गाळणं हा केंद्रीय कायद्याखाली गुन्हा. महाराष्ट्रात तर 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे हा विषयच संपतो. म्हणून बहुतेक मराठी घरांत छोटं पिंप येतं ते दुकानातून आणलेली व्हिस्की आणखी मुरवायला. अमेरिकेत काही डिस्टिलऱ्या न मुरवलेली, पाण्यासारखी पांढरी व्हिस्कीही बाटलीत विकतात. ती आणून पिंपात भरणारेही आहेत. पिंपात काय ओतणार, यावर कुठलं पिंप घ्यायचं ते ठरतं. त्याकडे येतोच.

आता भाजणं. ओकच्या लाकडात साखरेच्या साखळ्यांनी बनलेलं हेमिसेल्युलोज असतं, लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन असतं आणि तुरट टॅनिन असतं. पिंपाच्या आत मंद विस्तव ठेवून पंधरा मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत शेक दिला की उष्णता फळीत हळूहळू खोल उतरते. हेमिसेल्युलोज तुटून कॅरॅमलसारखी, भाजलेल्या बदामासारखी चव तयार होते. लिग्निन तुटून व्हॅनिलिन सुटतं, म्हणजे व्हॅनिलाचा वास ज्याच्यामुळे येतो तेच. शेक वाढवला की लवंगेसारखा मसालेदार आणि धुरकट वास यायला लागतो. टॅनिनचा कडकपणाही बराच कमी होतो. लाकूड पेटत नाही, फक्त तपकिरी होतं. चकलीच्या भाजणीत प्रत्येक धान्य वेगळं भाजावं लागतं, कारण प्रत्येकाचा खमंगपणा वेगळ्या वेळी येतो. इथे एकाच फळीतले निरनिराळे घटक निरनिराळ्या तापमानाला जागे होतात. म्हणून हलका, मध्यम, जड असे भाजण्याचे प्रकार पडतात, आणि पिंप बांधणारा कारागीर आचेवर डोळा ठेवून बसतो.

जाळणं हा काही सेकंदांचा खेळ आहे. पिंपात ज्वाला सोडतात आणि आतला पृष्ठभाग चक्क पेटतो. अमेरिकेत पहिल्या पातळीला साधारण 15 सेकंद, दुसरीला 30, तिसरीला 35 आणि चौथीला 55 सेकंद जाळ देतात. चौथ्या पातळीला लाकूड इतकं तडकतं की मगरीच्या पाठीसारखं दिसतं, आणि तिथले लोक तिला मगरीचंच नाव देतात. आत दोन-चार मिलिमीटर जाडीचा कोळशाचा थर तयार होतो.

हा कोळसा चव देण्यासाठी नसतो. पृष्ठभागावरचं व्हॅनिलिन, साखर वगैरे तर जळूनच गेलेलं असतं. त्याचं काम गाळणीचं. ताज्या गाळलेल्या दारूत गंधकयुक्त घटक असतात, त्यांचा वास शिजलेल्या कोबीच्या वाटेने जातो. कोळसा ते ओढून घेतो. दुसरं काम भेगांचं. तडकलेल्या थरातून दारू लाकडात खोल शिरते, आणि कोळशाच्या लगेच खाली तिला भेटतो लालसर, आपोआप भाजला गेलेला पातळ थर. वांग्याचा गर तो हाच. जाळलेल्या पिंपातली गोडी तिथून येते, काळ्या थरातून नाही.

म्हणजे भाजणं देतं, आणि जाळणं आधी घेतं, मग थोडं देतं.

याचा पुरावा आपल्याकडेच दीडेकशे कोसांच्या आत सापडतो. नाशिकच्या वायनरीत जी ओकची पिंपं रचलेली दिसतात ती भाजलेली असतात. वाईनला कोळसा नको असतो, तो तिचा रंग आणि सुगंधच शोषून घेईल. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही सिंगल माल्ट व्हिस्की मुरते ती मुख्यतः बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या तिकडून आलेल्या जुन्या पिंपांत, आणि ती पिंपं जाळलेली. अमेरिकन कायद्याप्रमाणे बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही, म्हणून ती पिंपं स्कॉटलंडला, गोव्याला, बंगळूरला जातात. आपला 'पिंप' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज 'पीपा'वरून आलेला, म्हणजे दारूचं लाकडी पिंप. आपण तो निळ्या प्लास्टिकच्या ड्रमला बहाल केला ते सोडा.

दोन्ही गोष्टी एकाच लाकडावर करणारेही आहेत. जिम स्वॉन या स्कॉटिश तज्ज्ञाने वाईनची जुनी पिंपं आतून तासायची, पुन्हा भाजायची आणि वरून पुन्हा जाळायची अशी रीत लोकप्रिय केली. तैवानच्या कवालान व्हिस्कीचं नाव व्हायला या रीतीचा मोठा हातभार लागला. भाजणं आणि जाळणं एकाच रेषेवरचे दोन बिंदू असते तर दोन्ही करण्यात काही अर्थच नव्हता.

आता छोट्या आकाराचा त्रास. अमेरिकन पिंप 200 लिटरचं असतं. पिंप लहान होतं तसं आतलं द्रव झपाट्याने कमी होतं, भिंत मात्र तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही. साधा घनमुळाचा हिशोब केला तर 5 लिटरच्या पिंपात दर लिटरमागे लाकूड जवळजवळ 3.4 पट लागतं, आणि 2 लिटरच्या पिंपात 4.6 पट. म्हणून रंग दोन-तीन आठवड्यांत येतो आणि मन हरखून जातं. पण मुरणं म्हणजे नुसता रंग नव्हे. लाकडातून झिरपणाऱ्या हवेशी दारूची जी संथ प्रक्रिया चालते, आम्लं आणि अल्कोहोल मिळून जे फळांसारखे वास तयार होतात, त्यांना वेळच लागतो. त्यांची घाई लाकूड वाढवून होत नाही. कैरीत मीठ चौपट घातलं म्हणून लोणचं चौपट लवकर मुरत नाही, खारट मात्र होतं. 'दोन महिन्यांत आठ वर्षांची चव' असं लिहिलेलं पिंप दिसलं तर ते तिथेच ठेवावं.

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाला चाळिशीला 2 लिटरचं पिंप भेट मिळालं. जाळलेलं आहे की भाजलेलं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्यालाही. त्याने त्यात चांगली, आधीच मुरलेली बर्बन ओतली आणि 'जितकी जास्त तितकी बरी' म्हणून सहा महिने विसरला. दिवाळीला तोटी उघडली तेव्हा जे आलं त्याला आमच्या मावशीने एका शब्दात न्याय दिला: "काढा." अर्धं उडूनही गेलं होतं. उडण्याचं प्रमाणही छोट्या पिंपात जास्त. मोठ्या पिंपातून स्कॉटलंडमध्ये वर्षाला 2 टक्क्यांच्या आसपास उडतं, तर गोव्याच्या उकाड्यात 8 टक्क्यांच्या आसपास. पातळ फळ्यांच्या छोट्या पिंपाची गोष्ट त्याहून वाईट. कोरड्या हवेत पाणी जास्त उडतं आणि दारू कडक होते, दमट हवेत अल्कोहोल जास्त उडतं आणि ती हलकी होते. कोकणातल्या पावसाळ्यात 42.8 टक्क्यांची बाटली पिंपात ओतून बसलं की काय होईल ते ओळखा.

मग घ्यायचं कुठलं? न मुरवलेली पांढरी व्हिस्की भरणार असाल तर जाळलेलं, तिसऱ्या पातळीचं. कच्च्या दारूतला उग्रपणा ओढून घ्यायला कोळसा हवाच. नुसत्या भाजलेल्या पिंपात ती गोड होईल, पण आतला कोबी तसाच राहील आणि वर व्हॅनिला. ते मिश्रण मी एकदा चाखलं आहे, पुन्हा चाखणार नाही. उलट दुकानातली मुरलेली व्हिस्की किंवा रम भरणार असाल तर मध्यम भाजलेलं. तिच्यातला उग्रपणा आधीच गेलेला असतो, तिथे नवा कोळसा आला की चांगलं-वाईट दोन्ही ओढतो. अशा वेळी छोटं पिंप शेवटचा हात फिरवायला वापरावं. लॅफ्रॉइग ही स्कॉटिश डिस्टिलरी आपली 'क्वार्टर कास्क' व्हिस्की आधी मोठ्या पिंपात मुरवून मगच 125 लिटरच्या लहान पिंपात टाकते. मोठमोठे लोकही लहान पिंपावर पहिल्यापासून विसंबत नाहीत.

लाकडाची जात दुय्यम म्हटलं तरी एक गोष्ट बघाच. पांढऱ्या ओकच्या नळ्या नैसर्गिकरीत्या बुजलेल्या असतात म्हणून पिंप पाणी धरतं, तांबड्या ओकच्या उघड्या असतात आणि ते गळतं. अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये ओल्या नारळाचा वास देणारा घटक जास्त असतो, युरोपियन ओकमध्ये टॅनिन जास्त. छोट्या पिंपात टॅनिन आधीच भरपूर उतरतं, तेव्हा पहिल्यांदा घेणाऱ्याने अमेरिकन घ्यावं. आतून मेण किंवा वार्निश लावलेली शोभेची पिंपं घेऊच नयेत.

विकणाऱ्याच्या लेबलावर भरवसा नको. बुचाच्या भोकातून मोबाईलचा टॉर्च मारा. भाजलेलं पिंप आतून तपकिरी, सलग दिसतं आणि वास बिस्किटासारखा येतो. जाळलेलं काळंभोर, तडकलेलं असतं. तारेच्या टोकाला फडकं गुंडाळून आत फिरवा, काळं निघालं की उत्तर मिळालं. भरण्याआधी दोन्ही प्रकारांना कोमट पाणी भरून फळ्या फुगू द्याव्या लागतात, गळती थांबायला दोन दिवस ते आठवडा लागतो. तोटीभोवती पाझर राहिलाच तर बाहेरून मधमाश्यांचं मेण लावतात. जाळलेल्या पिंपातून पहिल्या पाण्यात कोळशाचे कण भरपूर येतात, घाबरू नका, व्हिस्की काढताना कॉफीच्या फिल्टरमधून गाळा. लोखंडी पट्ट्या बाहेरच राहू द्या आणि आत लोखंडाचा खिळाही जाऊ देऊ नका. टॅनिन आणि लोखंड भेटले की काळी शाई होते, जुन्या काळी हिरड्याची शाई अशीच करत.

कोळशावर आंधळा विश्वास टाकणाऱ्यांसाठी एक खुलासा. कोळसा गंधक ओढतो, विष नाही. मिथेनॉल त्यातून सरळ निघून जातं. 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणी वस्तीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. कुठल्याही पिंपाने ती दारू पिण्यालायक झाली नसती. खात्रीची नसलेली दारू 'मुरवून शुद्ध' होत नाही.

आणि आतला कोळसा थकला म्हणून पिंप घरी पुन्हा जाळायच्या फंदात पडू नका. मोठ्या पिंपाचं झाकण काढून कारागीर हे करतात. छोट्या पिंपाच्या भोकातून बर्नर घालणं म्हणजे अल्कोहोल मुरलेल्या बंद डब्यात काडी ओढणं.

पहिली भरणी 2 लिटरच्या पिंपात असेल तर दुसऱ्या आठवड्यापासून दर चार-पाच दिवसांनी चमचाभर काढून चाखा, आणि लाकूड पुढे येतंय असं वाटलं त्याच दिवशी बाटलीत भरा. दुसऱ्या भरणीला साधारण दुप्पट वेळ लागतो, तिसरीला आणखी. भाजलेलं पिंप लवकर थकतं. जाळलेल्याचा कोळसाही थकतो, पण त्याखालचा लाल थर काही भरण्या पुरतो. मधल्या काळात पिंप कोरडं ठेवू नका. मावसभावाने ते काढ्यानंतर धुऊन दिवाणखान्यात शोभेला ठेवलं, वर्षभराने पुन्हा भरलं, आणि सकाळी उठला तेव्हा फळ्यांच्या फटींतून दीड लिटर बर्बन गालिच्यात मुरत होती.