पेवॉल

पेवॉल : वर्गणी भरल्याशिवाय वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरील मजकूर पूर्ण वाचता येऊ नये, यासाठी केलेली योजना. संशोधनपत्रिकाही ती वापरतात. येथे विचार वृत्तपत्रांपुरता आहे.

पहिल्या पेवॉलचा मान सामान्यतः ‘द वॉल स्ट्रीट जर्नल’ला दिला जातो. मात्र वर्षाबाबत एकवाक्यता नाही. काही ठिकाणी १९९६, तर काही ठिकाणी १९९७ असा उल्लेख आढळतो. संकेतस्थळ एप्रिल १९९६ मध्ये खुले झाले आणि सुरुवातीची मोफत मुदत संपल्यावर वर्षाला ४९ डॉलर, छापील अंकाच्या वर्गणीदारांना २९ डॉलर, असा दर ठेवण्यात आला. हे पाहता १९९६ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. काही जण उगम आणखी मागे नेतात. १९८० मध्ये ‘कोलंबस डिस्पॅच’ हे अमेरिकी दैनिक कॉम्प्युसर्व्ह या संगणक-सेवेच्या जाळ्यावर तासाला सुमारे ५ डॉलर मोजून वाचता येई. पण ते शुल्क जोडणीच्या वेळेचे होते, बातमीचे नव्हे. म्हणून त्याला पेवॉल म्हणणे ताणलेले ठरते.

कडक पेवॉलमध्ये मजकूर जवळजवळ पूर्ण बंद असतो. लंडनच्या ‘द टाइम्स’ने जुलै २०१० मध्ये हा मार्ग धरला. मीटर पद्धतीत महिन्याला ठरावीक लेख मोफत मिळतात. ‘फायनान्शियल टाइम्स’ने २००७ मध्ये ती आणली. ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०११ मध्ये २० लेखांची मर्यादा ठेवली व पुढच्याच वर्षी ती १० वर आणली.

मीटरची मोजणी बहुधा वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या कुकीवर, म्हणजे संकेतस्थळाने साठवलेल्या छोट्या नोंदीवर, चालते. कुकी पुसली की मोजणी पुन्हा शून्यावर येते, हे या पद्धतीचे जुने दुखणे. दुसरा परिच्छेद फिकट होत जातो आणि त्यावर वर्गणीची चौकट येते, तेव्हा पुष्कळदा संपूर्ण लेख ब्राउझरपर्यंत पोहोचलेलाच असतो, फक्त झाकलेला असतो. सर्व्हरनेच उर्वरित मजकूर रोखणे अधिक भक्कम. पण मग शोधयंत्राला तो दाखवायचा कसा, हा पेच उरतो. गूगलच्या जुन्या नियमानुसार शोधातून आलेल्या वाचकाला पहिला लेख मोफत द्यावा लागे. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो नियम मागे घेतला गेला आणि किती नमुना दाखवायचा हे प्रकाशकांवर सोपवण्यात आले.

सगळे प्रयोग टिकले नाहीत. ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ने स्तंभलेखन व जुने अंक सशुल्क करणारी ‘टाइम्ससिलेक्ट’ योजना २००५ मध्ये आणून २००७ मध्ये बंद केली. ब्रिटनच्या ‘द सन’चा पेवॉल २०१३ ते २०१५ एवढाच चालला. करमणूक व धावत्या बातम्या इतरत्र फुकट मिळत असताना त्यांना वर्गणी मिळवणे अवघड. अर्थविषयक बातमीला मात्र ती मिळते, कारण वाचकाचे व्यावसायिक निर्णय तिच्यावर अवलंबून असतात.

पैसे नसलेला वाचक विश्वासार्ह बातमीपासून तुटतो, हा पेवॉलवरील सर्वांत गंभीर आक्षेप आहे. २०२० मध्ये करोनाच्या साथीत अनेक वृत्तपत्रांनी त्या विषयाचे वार्तांकन खुले केले होते. ‘द गार्डियन’ने संकेतस्थळ खुले ठेवून वाचकांकडून ऐच्छिक देणगी घेण्याचा मार्ग पत्करला. एकेका लेखाची स्वतंत्र किंमत घेण्याचा प्रयोग नेदरलँड्समधील ‘ब्लेंडल’ या कंपनीने २०१४ मध्ये केला, २०१९ मध्ये तीही मासिक वर्गणीकडे वळली.