आठांतली सहा: धाडसी लष्करी निर्णयाचं श्रेय कसं मोजायचं?

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती निकाली झाली की गर्दीला एवढंच कळून घ्यायचं असतं, चितपट कोण झालं? कडेला बसलेल्या वस्तादाची नजर दुसरीकडे असते. आपल्या पोराने घिस्सा मारताना अंग फार पुढे टाकलं होतं, समोरच्याचा पाय मातीत घसरला नसता तर आज हाच खाली गेला असता, हे त्याने टिपलेलं असतं. त्यामुळे संध्याकाळी तालमीत जिंकलेल्या पोरालाही बोलणी बसतात.

लष्करी कारवाईकडे मात्र आपण त्या गर्दीसारखं बघतो. कारवाई फत्ते झाली की चौकाचौकांत नेत्याचे फलक लागतात, बिंदू चौकात फटाके वाजतात. फसली की तोच नेता अविचारी ठरतो. निर्णय घेताना त्याच्यासमोर काय माहिती होती आणि त्याने काय तयारी करून घेतली, हे दोन्ही वेळा कुणी विचारत नाही. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या अमेरिकी संशोधकांनी १९८८ साली ही सवय प्रयोगातून दाखवली. ५५ वर्षांचा हृदयरोगी, शस्त्रक्रियेत दगावण्याची शक्यता ८ टक्के, डॉक्टर शस्त्रक्रियेचा निर्णय घेतो. रुग्ण वाचला असं सांगितलं की लोक त्या निर्णयाला चांगले गुण देत. दगावला असं सांगितलं की त्याच निर्णयाचे गुण घसरत. डॉक्टरला आधी ठाऊक असलेली माहिती दोन्हीकडे अक्षरशः एकच होती.

यातलं गणित शाळेतलंच आहे आणि ते करून बघण्यासाठी १९८० च्या इराण मोहिमेइतकं चांगलं उदाहरण नाही.

तेहरानच्या अमेरिकी दूतावासातले ओलीस सोडवण्यासाठी २४ एप्रिल १९८० रोजी अरबी समुद्रातल्या 'निमित्झ' या विमानवाहू जहाजावरून आठ हेलिकॉप्टरं निघाली. इराणच्या वाळवंटात एका जागी उतरायचं, तिथे आलेल्या विमानांतून इंधन भरायचं आणि पुढे जायचं, असा बेत होता. पुढच्या टप्प्याला किमान सहा हेलिकॉप्टरं लागणार होती. म्हणजे राखीव दोन. एकाच्या पात्यात बिघाडाची खूण दिसली. या पात्यांच्या पोकळ भागात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, तडा गेला तर दाब उतरतो आणि दर्शक ते दाखवतो. ते हेलिकॉप्टर वाटेतच सोडून द्यावं लागलं. दुसरं धुळीच्या ढगात सापडलं, त्याची उपकरणं दगा देऊ लागली आणि ते माघारी फिरलं. तिसरं ठरल्या जागी पोचलं, पण त्याचा हायड्रॉलिक पंप निकामी झाला होता. उरली पाच.

आता हिशेब करू. एका हेलिकॉप्टरने धड पोचण्याची शक्यता ७५ टक्के धरा. आठही पोचायची तर ०.७५ ला स्वतःनेच आठ वेळा गुणायचं: सुमारे १० टक्के. नेमकी सात पोचायची तर कुठलं एक बिघडेल याचे आठ प्रकार होतात: सुमारे २७ टक्के. नेमकी सहा पोचायची तर बिघडणाऱ्या जोड्या २८: सुमारे ३१ टक्के. बेरीज ६८. म्हणजे तीनांत एकदा ही मोहीम शत्रू दिसण्याआधीच मोडणार. हेलिकॉप्टरागणिक शक्यता ८० टक्के धरली तर उत्तर ८० च्या आसपास येतं, ९० धरली तर ९६. गुणाकारातला एवढासा फरक मोहिमेच्या नशिबात केवढा होतो, ते लक्षात घ्या. उलट, शक्यता ७५ टक्केच ठेवून आठाऐवजी दहा पाठवली तर ६८ चे ९२ होतात, आणि बारा पाठवली तर ९८ च्या वर. अमेरिकी लष्कराने नंतर नेमलेल्या चौकशी गटानेही हेच म्हटलं: हात मोकळे असते तर नियोजकाने किमान दहा आणि शांततेच्या काळातली बिघाडांची नोंद धरली तर बारापर्यंत हेलिकॉप्टरं मागितली असती.

या गणितात एक फट आहे आणि खऱ्या मोहिमा बऱ्याचदा तिथेच फसतात. गुणाकार करताना आपण गृहीत धरलं की एकाचा बिघाड दुसऱ्याला लागत नाही. पंपाबाबत ते ठीक. धूळ मात्र सगळ्यांवर एकदम येते. धुळीच्या बाबतीत आठ हेलिकॉप्टरं म्हणजे आठ वेगळी नाणी नव्हेत, एकाच दोरीला बांधलेली आठ नाणी आहेत. पुरासाठी दहा बोटी ठेवल्या आणि त्या सगळ्या सुतारमळ्यासारख्या सखल भागातल्या एकाच गोदामात ठेवल्या, तर राखीव बोट एकही नाही. कारण वेगळं असेल तरच राखीव ही राखीव.

पाच उरल्यावर जागेवरच्या प्रमुखाने माघारीची शिफारस केली आणि राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ती मानली. परत निघताना धुरळ्यात एक हेलिकॉप्टर इंधनवाहू विमानावर आदळलं, आठ जण मेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्टर यांनी दूरचित्रवाणीवर येऊन सगळी जबाबदारी स्वतःकडे घेतली. नोव्हेंबरात ते निवडणूक हरले. या फसलेल्या मोहिमेत एक चांगला निर्णय होता: सहाची अट आधी ठरली होती आणि पाचावर ती पाळली गेली. त्याचं श्रेय त्यांना क्वचितच मिळतं.

आता २०११. अबोटाबादच्या त्या घरात ओसामा बिन लादेन आहे का, यावर सल्लागारांचे अंदाज ४० टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. ओबामा यांनी ते पन्नास-पन्नासच धरलं. कारवाईत एक ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आवारात कोसळलं. सराव तारेच्या जाळीच्या कुंपणात झाला होता, इथे भिंती भरीव. पंख्याने खाली ढकललेली हवा भिंतीवरून उसळून परत पंख्यात शिरली. अशा वेळी हेलिकॉप्टर स्वतःच्याच खाली जाणाऱ्या हवेत बुडतं आणि इंजिनाचा जोर वाढवून ते सावरत नाही. पण मागे चिनूक ही मोठी हेलिकॉप्टरं तयार होती. गरज पडली तर लढत बाहेर पडता येईल एवढं बळ सोबत हवं, हा आग्रह नियोजनाच्या बैठकांत खुद्द राष्ट्राध्यक्षांनी धरला होता. माझ्या मते त्यांच्या श्रेयाचा खरा भाग हा आग्रह आहे. बिन लादेन त्या रात्री घरी नसता तरी तो तितकाच चांगला राहिला असता.

एका यशावरून किती शिकता येतं? शंभर निर्णय घ्या. पन्नास नीट तोललेले, यशाची शक्यता ७० टक्के. पन्नास कच्चे, शक्यता ४० टक्के. पहिल्यांतून ३५ यशस्वी होतील, दुसऱ्यांतून २०. म्हणजे ५५ यशांमधली २० कच्च्या निर्णयांची, एक तृतीयांशाहून जास्त. फसलेल्या ४५ मध्ये १५ नीट तोललेले. एका निकालावर नेता तोलणं म्हणजे काय, ते या आकड्यांत दिसतं. युद्धाचं भाकीत 'खरं ठरलेल्या' ज्योतिषांचंही हेच. सोळा जणांना हो-नाहीचे चार प्रश्न विचारले तर नुसत्या अंदाजानेही सरासरी एकाची चारही उत्तरं बरोबर येतात. मग त्याची मुलाखत होते, उरलेले पंधरा कुणाला आठवत नाहीत.

पन्हाळ्याकडेही या नजरेने बघायला हवं. १२ जुलै १६६० ची रात्र आपण पराक्रमासाठी आठवतो आणि तो होताच. पण सिद्दी जौहरला गाफील करणारी शरणागतीची बोलणी, शिवा काशीद यांची दुसरी पालखी आणि पाठलाग आलाच तर घोडखिंडीत बाजीप्रभूंची फळी, हे एकमेकांवर न विसंबणारे तीन थर आहेत. पालखीचं बिंग फुटलं तरी खिंड उभी होती.

दर पावसाळ्यात हाच पेच कोल्हापुरात कुणातरी अधिकाऱ्याच्या टेबलावर असतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ४१ वर, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले, घाटमाथ्यावर पाऊस सुरू. लोकांना हलवलं आणि पाणी ४२ वर थांबलं तर 'उगाच हाल केले' अशी ओरड होते. नाही हलवलं आणि २०१९ सारखं ५५ फुटांच्या वर गेलं तर काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या क्षणाला पातळी किती, आवक किती, पुढच्या बारा तासांचा अंदाज काय, बोटी कुठे आणि कशामुळे निर्णय फिरवू, हे वेळ टाकून लिहून ठेवलं तर निकालानंतरही निर्णय तपासता येतो.

दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या चढाईआधी दोस्त सैन्याचे सरसेनापती आयसेनहॉवर यांनी असाच एक कागद लिहिला होता. हवामानामुळे मोहीम एक दिवस पुढे ढकलून ६ जून १९४४ ठरली होती. चढाई फसली तर प्रसिद्ध करायच्या त्या चार वाक्यांत त्यांनी लिहिलं की उपलब्ध माहितीपैकी उत्तम माहितीवर हा निर्णय घेतला, सैनिकांनी शक्य ते सगळं केलं, दोष असेल तर तो एकट्या माझा. कागद ५ जूनचा. चुकून त्यावर तारीख पडली ५ जुलै.