आगीच्या धुराची मोजणी: ग्राहकांसाठी माहिती

शेजारचा कचरा पेटतो, गोदामाला आग लागते, पण आम्हाला फोन येतो तो बहुधा ज्वाळा विझल्यावर. "आता काय मोजणार?" असं विचारलं जातं. खरं तर मोजणी तेव्हाच सर्वांत गरजेची असते. भडकलेल्या आगीत बहुतेक कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. धुमसणाऱ्या ढिगात ज्वलन अर्धवट राहतं आणि जळालेल्या प्रत्येक किलोमागे कार्बन मोनॉक्साइड नि सूक्ष्म कण कितीतरी जास्त निघतात. जानेवारी २०१६मध्ये देवनारचं डम्पिंग ग्राउंड कित्येक दिवस असंच धुमसत होतं. तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला.

नेमका किती माल जळाला हे सहसा कुणालाच माहीत नसतं. म्हणून आम्ही धुरातच दोन्ही कार्बन वायू आणि कण एकाच वेळी मोजतो. वारा येतो त्या बाजूच्या स्वच्छ हवेचं मोजमाप त्यातून वजा करतो. जळालेला बहुतेक कार्बन या दोन वायूंतूनच बाहेर पडतो. त्यामुळे मालात कार्बन साधारण किती हे ठाऊक असलं, की किलोमागे किती ग्रॅम प्रदूषक निघालं याचा हिशेब लागतो.

कणांसाठी फिल्टर वापरतो. तो आधी ठरावीक तापमान-आर्द्रतेत ठेवून सूक्ष्म वजनकाट्यावर तोलतो, धूर ओढल्यावर पुन्हा तसाच तोलतो. फरक मिलिग्रॅममध्ये असतो, म्हणून बोटाचा स्पर्शही चालत नाही. हातातले सेन्सर झटपट आकडा देतात, पण पावसाळी दमट हवेत तो फुगतो. तक्रारीसोबत जोडायचा अहवाल फिल्टरवरच घ्या, असा आमचा आग्रह आहे.

अहवालात पीएम २.५चा (म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांचा) आकडा देशाच्या मानकाशेजारी दिसेल: २४ तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. तासाभराच्या नमुन्यावरून मानक ओलांडलं असं आम्ही लिहून देत नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

वायरी किंवा पीव्हीसी जळलं असेल तर डायॉक्सिन या अतिविषारी रसायनांची शंका घ्यावी लागते. ती चाचणी महाग आहे आणि विशेष प्रयोगशाळेतच होते; लाकूड, पालापाचोळा जळला असेल तर ती करायला आम्ही सुचवत नाही.

विझवण्याच्या पाण्याकडे मात्र सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. काजळी आणि रसायनं घेऊन ते गटारात, नाल्यात, कधी विहिरीत उतरतं. ते वाहून जाण्याआधी स्वच्छ काचेच्या बाटलीत नमुना भरा, वेळ आणि जागा लिहा, बाटली थंड ठेवा. राखही आम्ही येईपर्यंत हलवू नका.